न्हाणीची खिडकी

"लाइटवरचा गिझर नेऊन काय करणार, वहिनी? सकाळी तुमच्या गावात लाइट असते का?" दुकानदारानं विचारलं.

"नसते."

"मग? त्यात धान्य भरून ठेवणार?"

एरवी मी त्याला त्याच्या तोडीचं उत्तर दिलं असतं. माझ्या तोंडाला लागायला गडहिंग्लजच्या बाजारातले बरेचसे दुकानदार कचरत. पण त्या दिवशी माझं तोंडच मिटलं होतं. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीतल्या दवाखान्यात माझी नणंद शालन बाळंत होऊन पडली होती. पोट फाडून पोर बाहेर काढलेलं. एक-दोन दिवसांत तिला घरी न्यायची होती. पौषातली थंडी मी म्हणत होती, आणि घरात गरम पाण्याची सोय म्हणजे एक गळका तांब्याचा बंब.

कुणी म्हणेल, चुलीवर हंडा चढवायचा, त्यात काय मोठंसं. पण शालनचं पाणी हे साधं पाणी नव्हतं. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं. दुसरं जन्मलं, रडलं आणि संध्याकाळच्या आत गेलं. त्या दुसऱ्या बाळंतपणात सासरी तिला कोमट पाण्यानं न्हाऊ घातलं होतं, न्हाणीला दार म्हणून नुसतं पोतं. वारा लागला, ताप चढला, शालन उन्हाळा सुरू होईपर्यंत अंथरुणातून उठली नाही, आणि तेव्हापासून तिचे सांधे धरायला लागले. हे सगळं त्या कोमट पाण्यामुळं आणि वाऱ्यामुळं झालं, असं आमच्या सासूबाईंचं ठाम मत. सासूबाईंना मी आत्ती म्हणत असे. या खेपेला आत्तींनी लेकीला दिवस भरायच्या आधीच माहेरी आणून बसवली होती, आणि मला एकटीला परसात गाठून सांगितलं होतं, "विजयमाला, ह्या डावाला जर का हिला काय झालं, तर सासरची हिला परत न्यायची न्हाईत. दुसरी बघून ठेवल्यात त्यांनी. मला बाकीचं काय कळत न्हाई. पाणी कडकडीत पायजे आणि पोरीला वारा लागाय नगो."

बोलताना त्यांचे डोळे भरून आले. मी लग्न होऊन आल्यापासून त्या बाईच्या डोळ्यांत कधी पाणी बघितलं नव्हतं. सासऱ्यांच्या मागं त्यांनी घर चालवलं ते दरडावूनच. त्या दिवशी मात्र त्यांनी माझा हात धरला आणि सोडेचनात.

म्हणून मी दुकानात उभी होते. आमचे हे साखर कारखान्यात कामाला. गाळपाचा हंगाम सुरू, रजा मागायचीही सोय नव्हती. "तुला काय वाटेल ते घे," म्हणाले आणि सायकल काढून पाळीला गेले. पुढं किती तरी वर्षं हेच वाक्य लोकांनी माझ्या नावावर फिरवून फिरवून सांगितलं.

दुकानदारानं मग सोलर दाखवला. आमचं घर कौलारू. न्हाणी परसात, तिच्यावर चिमुकला स्लॅब आणि त्यावर पाण्याची टाकीच कशीबशी मावलेली. सोलर ठेवायचा कुठं, माझ्या डोक्यावर? बंब दुरुस्त करून घ्यावा म्हटलं, तर डाग देणारा तांबट गावाकडं फिरकायचा कधीच बंद झाला होता. आणि ओल्या लाकडांचा धूर बाळंतिणीच्या डोळ्यांत गेला असता, ते वेगळंच.

"मग हा घ्या," असं म्हणून त्यानं भिंतीवरची पांढरी पेटी थोपटली. "गॅसवरचा. नळ सोडला की पेटतो, बंद केला की विझतो. लाइट नको, लाकूड नको. पाणी असं येतं की वाफेत माणूस दिसत नाही."

"भरवशाचा हाय न्हवं? घरात बाळंतीण हाय."

"माझ्या घरी हाच आहे."

तेवढ्यावर विश्वास ठेवणारी मी नव्हे. मी त्याला तो पेटवून दाखवायला लावला. झाकण काढून आतली तांब्याची नळी बघितली. शेजारचा स्वस्तातला काढायला लावला, त्याची नळी पातळ निघाली, तो परत ठेवायला लावला. सगळ्यात चांगला जो होता, तो घेतला.

"एक ध्यानात ठेवा," दुकानदार बांधता बांधता म्हणाला. "शक्यतो न्हाणीच्या बाहेर बसवा. आत बसवलात तर खिडकी कायम उघडी पाहिजे. हा जळताना हवा खातो. बंद खोलीत माणसाला कळतसुद्धा नाही, आणि माणूस जातो."

"कळलं," मी म्हणाले. खरंच कळलं होतं.

बसवायला माणूस आला तेव्हा अडचण झाली ती भिंतीची. न्हाणीची मागची भिंत आमची, पण तिच्या पलीकडचा बोळ आक्काताईचा. आक्काताई माझी चुलत जाऊ. त्या बोळावरून आमची आणि त्यांची कोर्टकचेरी झालेली. त्या खटल्यात आक्काताईनं शपथेवर सांगितलं होतं की ही भिंत आपल्या डोळ्यांदेखत आमच्या सासऱ्यांनी पुढं सरकवली. धडधडीत खोटं. बोळ त्यांना मिळाला आणि दोन्ही घरांतलं बोलणं बंद झालं. गिझर बाहेरून बसवायचा तर त्या बोळात बसवायला हवा होता. बाकीच्या दोन बाजूंना एकीकडं गोठा आणि दुसरीकडं कडब्याची गंजी.

"मी जातो आक्काताईकडं, विचारून येतो," मी म्हणाले.

"तिच्या उंबऱ्याला शिवलीस तर ह्या घरात पाय ठेवू नगंस," आत्ती म्हणाल्या. "माझ्या लेकीचं पाणी तिच्या मेहेरबानीवर तापाय नगो."

मी खूप सांगून बघितलं. भिंतीशी बोलल्यासारखं झालं. शेवटी गिझर आतच बसला. त्या बोळाकडं उघडणारी एक छोटी खिडकी होती, गज असलेली, माणसाच्या डोक्याच्या वर. तिची काच मीच काढून टाकली आणि आत्तींना हाताला धरून खाली उभं केलं.

"ही बंद करायची न्हाई. काय बी झालं तरी."

"बरं."

"आत्ती, मी चेष्टा करत न्हाई. माणूस मरतंय."

"बरं म्हटलं न्हवं एकदा," त्या म्हणाल्या.

शालन घरी आली. पोरगी झाली होती. सासरची माणसं बघायला आली, मुलगी म्हणून तोंडं जराशी पडली, पण जावयानं लेकराला हातात घेतलं आणि ते त्याचं बोट धरून बसलं. त्यानंतर त्याची आई लेकाला दुसरी बायको करायचं बोलली नाही. टाके ओले होते तोवर शालनला नुसतं अंग पुसून काढत होतो. सगळं घर दबक्या पावलांनी चालत होतं. आत्ती उठता बसता कुठल्या कुठल्या देवाला काय काय कबूल करत होत्या. मी म्हटलं, एवढ्या देवांना द्यायचं म्हटलं तर घर विकावं लागेल. त्यावर त्या चक्क हसल्या.

मग डॉक्टरांनी डोक्यावरून पाणी घ्यायला परवानगी दिली. पहिलं न्हाणं. आत्तींनी तेल लावणाऱ्या बाईला परत पाठवलं. "माझ्या लेकीला मी न्हाऊ घालणार," म्हणाल्या. सकाळपासून शिकेकाई उकळत ठेवली होती. जाताना त्यांनी ट्रंकेतून आपलं इरकल काढलं. काळपट जांभळं, लाल काठाचं, त्यांच्या भावानं दिलेलं. एरवी ते लग्नकार्यालाच बाहेर निघायचं.

"एवढं चांगलं लुगडं न्हाणीत कशाला?" मी विचारलं.

"न्हाऊ घालताना मी बी भिजणार की. निघताना हेच नेसून निघतो. आज माझा सण हाय," त्या म्हणाल्या.

दोघी आत गेल्या. पत्र्याचं दार आतून कडी लावून घेतलं. मी पोरीला मांडीवर घेऊन परसातल्या उन्हाला बसले. आत गिझर भुरभुरायला लागला, पाण्याचा आवाज आला, शिकेकाईचा वास बाहेर आला. आत्तींनी काही तरी म्हटलं आणि शालन हसली. ती पोरगी हसलेली मी शेवटची कधी ऐकली होती ते मला आठवेना. मी मांडीवरच्या पोरीला म्हटलं, "ऐकलीस का गं, तुझी आई हसालीया."

थोड्या वेळानं शालनचा आवाज आला. "आई, पाठीला वारा झोंबालाय गं."

"थांब. करतो बंदोबस्त," आत्ती म्हणाल्या.

मला वाटलं, पाट दुसऱ्या कोपऱ्यात सरकवत असतील. न्हाण्यानंतर बाळंतिणीला शेक द्यायचा म्हणून मी पोरीला घेऊन आत आले, तिला गोधडीवर ठेवलं, शेगडी पेटवली. कोळसे लवकर धरेनात. ओवा आणि वावडिंग शोधण्यात वेळ गेला. पोरगी रडायला लागली, तिला घेऊन फेऱ्या मारल्या. मग माझ्या ध्यानात आलं की अजून कुणी बाहेर आलेलं नाही.

मी परसात आले. गिझर आत तसाच भुरभुरत होता. नळ चालू होता. बोलण्याचा आवाज मात्र नव्हता.

"आत्ती?"

काही नाही.

"आत्ती, झालं का? शालन?"

दाराखालून पाणी बाहेर येत होतं, शिकेकाईचा तपकिरी फेस घेऊन. न्हाणीची मोरी तुंबल्याशिवाय पाणी दारापर्यंत येत नाही, आणि मोरी तुंबायला तिच्यावर काही तरी आडवं पडावं लागतं.  मी पोरीला तिथंच उन्हात जमिनीवर ठेवली, धावत जाऊन पडवीतल्या सिलिंडरची चावी बंद केली आणि दारावर दोन्ही मुठींनी मारायला लागले.

"आत्ती! दार उघडा! शालन, अगं कडी काढ! एवढी कडी काढ की गं माझे बाई!"

आतून काही तरी घासल्यासारखा आवाज आला, दाराच्या अगदी खालून. मग तोही थांबला.

घरात पुरुष माणूस कुणी नाही. माझे दोन्ही मुलगे शाळेत. गल्लीतली माणसं उसाच्या तोडीवर. पोरगी जमिनीवर पडून जिवाच्या आकांतानं रडत होती आणि मला तिच्याकडं बघायलाही सवड नव्हती. मी दाराला खांदा लावला, लाथा घातल्या. पत्रा वाजायचा, वाकायचा आणि परत सरळ व्हायचा. मला आठवतंय, त्या दाराला मी शिव्या देत होते, अशा शिव्या ज्या मला येतात हे मलाच ठाऊक नव्हतं. आणि मग मी जे नाव त्या घरात घ्यायची बंदी होती, ते नाव घेऊन ओरडले.

"आक्काताई! आगं आक्काताई! धाव गं! खिडकी बघ! न्हाणीची खिडकी बघ!"

पलीकडं भांडं खाली टाकल्याचा आवाज झाला. पावलं बोळात आली. शिडी भिंतीला लागल्याचं ऐकू आलं.

"आगं हितं काय तरी कोंबलंय आतनं!" आक्काताई ओरडली. "दिसंना काय बी!"

"ढकल! काठीनं ढकल ते! हवा जाऊ दे आत!"

मी गोठ्यातून पहार आणली. पत्र्याच्या कडेत घातली आणि सगळं अंग तिच्यावर टाकलं. एकदा निसटली, माझ्या पायावर पडली. परत घातली. पत्रा फाटायला लागला. हात आत घालून मी कडी चाचपली, हात कोपरापर्यंत सोलून निघाला, आणि कडी सुटली.

दार पुरतं उघडेना, कारण शालन दाराशीच पडली होती. ती सरपटत तिथवर आली असावी. तिचं तोंड उंबऱ्याला लागलं होतं, दाराखालच्या फटीजवळ. तेवढ्या फटीतली हवा तिला मिळाली होती. मी तिला काखेत धरून ओढली, उन्हात आणून टाकली. ओली, उघडी, गालांवर भलताच लाल रंग. तिच्या छातीवर कान ठेवला. श्वास होता, पण किती बारीक.

मग मी आत्तींसाठी परत आत गेले.

बादली पालथी पडलेली होती. आत्ती खिडकीखाली मोरीवर आडव्या पडल्या होत्या, एक हात वर. त्यांच्या मुठीत इरकलाचा पदर होता. बाकीचं लुगडं बोळा करून खिडकीत कोंबलेलं, त्यातलं अर्धं सुटून लोंबत होतं. आक्काताईची काठी पलीकडून अजून त्याला ढोसत होती. मी आत्तींना ओढलं तसं लुगडं गजांतून सुटत सुटत आमच्या मागं आलं, सगळं नऊ वार, परसाच्या मधोमध. मूठ सुटली नाही.

आक्काताई आमच्या दारातून धावत आत आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिनं आधी रडणाऱ्या पोरीला उचलून पोटाशी धरलं, मग वाकून आत्तींच्या नाकाशी हात नेला, डोळ्यांच्या पापण्या वर करून बघितल्या.

"ह्या गेल्या गं," ती म्हणाली.

मी आत्तींकडं बघत राहिले. बादलीवर चढून त्यांनी खिडकी बुजवली होती. लेक वारा झोंबतोय म्हणाली म्हणून. मग डोकं गरगरायला लागलं असेल, लेक पाटावरून कलंडलेली दिसली असेल, आणि त्या क्षणी त्यांना माझं बोलणं आठवलं असेल. परत बादलीवर चढून त्या स्वतःच कोंबलेला बोळा ओढायला लागल्या होत्या. अर्धा निघाला होता. त्या बाईला शेवटी सगळं कळलं होतं.

आणि मला शालनचा आवाज ऐकू येत होता. आई, पाठीला वारा झोंबालाय गं.

तेवढ्यात शालन कण्हली. डोळे मिटलेलेच. ओठ हलले. "आई," म्हणाली.

मी आत्तींची मूठ सोडवायला घेतली. एक एक बोट उचकटून काढावं लागलं. इरकल गोळा केलं आणि लाकडांच्या ढिगामागं सारून दिलं. आक्काताई बघत होती. तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तिनं आपलं लुगडं सोडून शालनवर टाकलं, परकरावर बोळात उभी राहून, दूध घालून नुकत्याच परतलेल्या नवऱ्याला हाका मारल्या, आणि त्यांच्या दुधाच्या टेम्पोतून आम्ही शालनला दवाखान्यात नेली.

ती जगली. डॉक्टर म्हणाले, थोडा वेळ आणखी गेला असता तर जगली नसती. पण पाटावर बसल्यानंतरचं तिला काही म्हणता काही आठवत नव्हतं. शिकेकाईचा वास तेवढा आठवायचा. मी तिला तीन-चार वेळा आडून आडून विचारलं, आत काय बोलणं झालं. "काय न्हाई आठवत, वहिनी. हसलो हुतो वाटतं," एवढंच ती म्हणायची.

पोलीस आले. फौजदारानं विचारलं, "खिडकी उघडी होती का?"

"उघडी हुती," मी म्हणाले.

त्यानं आक्काताईकडं बघितलं.

"माझ्याच बोळात उघडती न्हवं ती," आक्काताई म्हणाली. "सताड उघडी हुती. मी शपथेवर सांगतो."

तिच्या शपथा मला ठाऊक होत्या. कोर्टात आमच्या विरुद्ध खोटं बोललेली ती बाई त्या दिवशी आमच्यासाठी तेवढ्याच ठसक्यात खोटं बोलली.

सरकारी दवाखान्यातून आत्तींना आणलं तेव्हा दिवस कलला होता. माणसं जमली होती. शेवटच्या अंघोळीला पाणी तापवायचं तर आमचा बंब गळका, आणि त्या पांढऱ्या पेटीकडं बघायची कुणाची छाती नव्हती. आक्काताईनं आपला बंब आणवला. त्या बोळातून आमच्या परसात आलेली ती पहिली वस्तू. आम्ही दोघी तो पेटवायला बसलो. लाकडं ओली, धूर नुसता. मी ढिगामागून इरकल काढलं, घडी घालून बंबाच्या नळीत सोडलं आणि वर रॉकेल ओतलं. जाळ एकदम वर आला.

"जळू दे," आक्काताई हळूच म्हणाली. "पोरीला कधी कळाय नगो. तिला कळलं तर ती त्या लेकराला दूध पाजायची न्हाई, हिरीत उडी टाकंल."

मला तेच वाटत होतं. आईनं माझ्यासाठी खिडकी बुजवली, मी बुजवायला लावली, हे घेऊन त्या पोरीला जगता आलं नसतं. आधीच दोन मुलं गमावलेली बाई. मला त्या जाळाकडं बघून रडायला आलं आणि मी मनसोक्त रडले. माणसांना वाटलं, धूर आणि सासू. आत्तींची शेवटची अंघोळ त्या इरकलावर तापलेल्या पाण्यानं झाली.

मला एक ठाऊक नव्हतं, की खिडकी उघडी ठरली की दोष दुसरीकडं जाणार. खिडकी उघडी असून माणूस मेलं, म्हणजे गिझर खराब. गिझर खराब, म्हणजे तो निवडणारी खराब. "तुला काय वाटेल ते घे" म्हटलं होतं, आणि सुनेनं हे घेतलं. यांनी दुकानदारावर तक्रार करायची ठरवलं, तर मी पाय धरून थांबवलं, कारण त्या बिचाऱ्याचा काही गुन्हा नव्हता. मग लोक म्हणायला लागले, दुकानदारानं हिला काही तरी दिलं असणार. यांनाही मी खरं सांगितलं नाही. यांच्या पोटात काही राहत नाही. हे कित्येक महिने माझ्याशी जेवणापुरतं बोलत होते.

शालन बरी होऊन सासरी गेली. जाताना तिनं आत्तींची ट्रंक उघडली.

"आईचं इरकल कुठाय, वहिनी?"

"बघतो. असंल हितंच कुठं तरी."

"त्या दिवशी ती ते नेसणार हुती. मला तेवढं पायजे. बाकी काय नगो."

मी ट्रंकेतली बाकीची लुगडी परत घडी घालायला लागले. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली आणि तिला जे समजायचं ते ती समजली. पुढं दर वर्षी आत्तींच्या श्राद्धाला ती यायची, पानावर बसायची, माझ्या हातचं पाणी घ्यायची नाही आणि निघताना उंबऱ्यात थांबून म्हणायची, "आता तरी दे की." मी ताटं उचलायला आत वळायची. घरी गेल्यावर ती लोकांना सांगायची, वहिनीनं आधी माझी आई घेतली आणि मग आईचं लुगडं.

ही सगळी जुनी गोष्ट. गेल्या महिन्यात शालन आली ती श्राद्ध नसताना. तिची पोरगी, उन्हात जमिनीवर ठेवली होती ती, तिचं लग्न ठरलं. मी आणि आक्काताई पडवीत तांदूळ निवडत बसलो होतो. परसाची बोळाकडची भिंत आता पाडलेली आहे. शालन बसली नाही.

"मागाय येणार न्हवतो," ती म्हणाली. "पर पोरीला आजीचं काय तरी द्यावं असं वाटतंय. वहिनी, मी भांडाय आलो न्हाई. हात जोडतो तुझ्यापुढं."

तिनं खरंच हात जोडले. तिचे सांधे सुजलेले होते.

मी उठले, माझी पेटी उघडली. तळाशी एक इरकल होतं. काळपट जांभळं, लाल काठाचं. किती तरी वर्षांपूर्वी मी ते निपाणीच्या बाजारातून शोधून आणलं होतं. धुतलं, वाळवलं, परत धुतलं, उन्हात विटू दिलं, कधी नेसले नाही. पेटीत त्याच्या घड्यांमध्ये शिकेकाईच्या शेंगा ठेवलेल्या होत्या. हा दिवस येणार हे मला ठाऊक होतं.

शालननं ते हातात घेतलं, तोंडाला लावलं आणि तशीच खाली बसली.  मग हुंदका फुटला.

"आईचाच वास हाय गं," ती म्हणाली. "अजून हाय."

आक्काताईचा हात सुपातच थांबला होता.

"एवढी वर्सं ठेवून घेतलंस ते का, वहिनी?"

"मोह झाला," मी म्हणाले.

"एकदा सांगायचंस तरी."

"चुकलं माझं."

तिनं डोळे पुसले. इरकल घडी करून पोटाशी धरलं. मग माझ्याकडं बघून अगदी शांतपणे म्हणाली, "त्या गिझरचं मी तुला कधीच माफ करणार न्हाई. पर ह्याचं केलं."

"बरं," मी म्हणाले, आणि तिच्यासाठी चहा टाकायला आत गेले.